‘गीतरत्ना’तील परस्परांचे असणे : मालकी, समर्पण आणि प्रेम

प्रस्तावना

जुन्या करारातील ‘गीतरत्न’ हे आठ अध्यायांचे आणि ११७ वचनांचे छोटेखानी काव्य आहे. त्याचे हिब्रू नाव ‘शीर हश्शिरीम’. ‘गीतांमधील गीत’ ह्या शब्दशः अर्थामागे ‘सर्वश्रेष्ठ गीत’ असा भाव आहे. मराठी बायबलने योजलेल्या ‘गीतरत्न’ ह्या नावात हा श्रेष्ठतेचा भाव ‘ग्रंथरत्न’, ‘नररत्न’ ह्या शब्दांच्या धर्तीवर सहज उतरला आहे. शीर्षकवचनात शलमोन राजाचे नाव असले, तरी काव्याच्या भाषेत ‘पर्देस’ (उपवन, ४:१३) ह्यासारखा फारसी मूळ असलेला शब्द आढळतो. अशा भाषिक खुणांमुळे आजचे स्वरूप शलमोनाच्या बऱ्याच नंतरच्या काळातील असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. ह्या काव्यात नियमशास्त्राचा उल्लेख नाही, ‘करार’ ह्या अर्थाचा ‘बेरीथ’ हा शब्दही नाही. आठव्या अध्यायातील एका वादग्रस्त शब्दाचा अपवाद वगळता परमेश्वराचे नावही येत नाही. येतात ती दोन माणसे, त्यांचे शोधणे, हरवणे आणि पुन्हा भेटणे.

ह्या काव्यात तीन ठिकाणी (२:१६, ६:३, ७:१०) नायिका थोड्याफार फरकाने एकच गोष्ट सांगते : प्रियकर आपला आहे आणि आपण त्याच्या आहोत. विवाहविधीत, अंगठीवरील अक्षरांत, प्रवचनांत आणि भक्तिपर लेखनात ह्या ध्रुपदाला मोठे स्थान मिळाले. ज्यू परंपरेने तर ६:३ मधील चार हिब्रू शब्दांच्या आद्याक्षरांत ‘अलूल’ ह्या पश्चात्तापाच्या महिन्याचे नाव वाचले. ह्या सर्व वाचनांत एक गृहीत सामान्यतः दिसते. ते असे की, हे ध्रुपद म्हणजे प्रेमात स्वतःला विसरून जाण्याचा, संपूर्ण समर्पणाचा उद्गार आहे. काव्याची भाषा आणि रचना ह्या गृहीताला कितपत आधार देतात, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अन्वयार्थाची परंपरा

‘गीतरत्ना’चे वाचन दीर्घकाळ रूपकात्मक राहिले. इ. स. च्या दुसऱ्या शतकात रब्बी अकीवा ह्यांनी ह्या ग्रंथाला पवित्र लेखनातील सर्वांत पवित्र स्थान दिल्याची नोंद ‘मिश्ना’मध्ये आहे. अरामी भाषेतील ‘तार्गुम’ने ह्या काव्यात इस्राएलचा सगळा इतिहास वाचला. वल्हांडण सणाच्या काळात ह्या ग्रंथाचे वाचन करण्याची प्रथा ज्यू समाजात रूढ झाली. ख्रिस्ती परंपरेत तिसऱ्या शतकातील ओरिजेनने नायिकेच्या ठिकाणी ख्रिस्तमंडळी आणि मानवी आत्मा पाहिला. क्लेर्व्होच्या बर्नार्डने ११३५ च्या सुमारास ह्या काव्यावर प्रवचने लिहिण्यास प्रारंभ केला. ११५३ मध्ये त्याचे निधन झाले तेव्हा ८६ प्रवचने पूर्ण झाली होती, आणि तो जेमतेम तिसऱ्या अध्यायाच्या आरंभापर्यंत पोहोचला होता.

१७७८ मध्ये जर्मन विचारवंत हेर्डर ह्यांनी ह्या काव्याकडे प्राचीन प्रेमगीतांचा संग्रह म्हणून पाहिले, आणि मानवी प्रेमाचे काव्य म्हणून त्याचे वाचन पुढे दृढ होत गेले. विसाव्या शतकात फिलिस ट्रिबल ह्यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात एदेन बागेत बिघडलेले स्त्री-पुरुष नाते ‘गीतरत्ना’च्या बागेत पुन्हा सुधारले जाते, असा अन्वयार्थ मांडला. रूपकवादी वाचन आणि मानवी प्रेमाचे वाचन हे दोन पक्ष परस्परविरोधी वाटतात. तथापि ध्रुपदाच्या बाबतीत दोघांचाही भर ‘एकरूप होणे’ ह्यावर राहिला. ‘असणे’ ह्या क्रियेचे व्याकरण मात्र बहुधा दुर्लक्षित राहिले.

‘ल’ आणि ‘शेल’ : मालकीची दोन रूपे

बायबलच्या हिब्रू भाषेत ‘जवळ बाळगणे’ किंवा ‘मालकीचे असणे’ ह्या अर्थाचे सर्वसामान्य क्रियापद नाही. एखादी वस्तू अमक्याची आहे असे सांगायचे, तर ती ‘अमक्याला आहे’ अशी रचना करावी लागते. त्यासाठी नामाला किंवा सर्वनामाला ‘ल’ जोडला जातो : ‘ली’ म्हणजे मला, ‘लो’ म्हणजे त्याला. मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये. मराठीतही असे क्रियापद नाही. ‘मला दोन भाऊ आहेत’ असेच आपण म्हणतो. हिब्रू ‘ल’ आणि मराठी ‘ला’ ह्यांचे कूळ एक नाही, परंतु कार्य बरेच जवळचे आहे.

पहिल्या ध्रुपदात (२:१६) ‘ली’ आणि ‘लो’ समोरासमोर उभे राहतात. दोन्ही बाजूंना एकच शब्दयोगी घटक आहे. त्यामुळे दोन्ही पारडी सारख्या वजनाची होतात. मराठीत आणताना हे पद षष्ठीत जाते : एका बाजूला ‘माझा’, दुसऱ्या बाजूला ‘त्याची’. येथे काही मिळते आणि काही निसटते. मिळते ते असे : हिब्रूतील ‘अनी’ (मी) ह्या सर्वनामावरून बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही, ते संदर्भावरून ओळखावे लागते, मराठीतील ‘त्याची’ हे रूप मात्र ती स्त्री आहे हे तत्काळ सांगते. निसटतो तो रूपांचा समतोल. हिब्रूत सारखी असणारी दोन पदे मराठीत लिंगभेदामुळे वेगळी दिसतात.

ह्याहून महत्त्वाची बाब अशी की, ह्या काव्याच्या कवीजवळ ठळक मालकी दाखवणारे दुसरे रूपही होते. उत्तरकालीन हिब्रूत रूढ झालेले ‘शेल’ हे रूप ‘गीतरत्ना’त तीन ठिकाणी येते. १:६ मध्ये नायिका भावांवरचा आपला रोष व्यक्त करताना स्वतःच्या द्राक्षमळ्याचा उल्लेख करते, तेथे ‘माझा स्वतःचा’ असा जोर ‘शेल’ने येतो. ३:७ मध्ये शलमोनाच्या पालखीवजा शय्येसाठी हेच रूप आहे. ८:१२ मध्ये ‘माझा स्वतःचा द्राक्षमळा’ हे १:६ मधील शब्द पुन्हा येतात. राजाची शय्या आणि बोलणाऱ्या व्यक्तीचा मळा ह्यांसाठी कवीने हे ठसठशीत रूप राखून ठेवले, प्रियकरासाठी मात्र ते एकदाही वापरले नाही.

ह्यावरून ‘ल’ म्हणजे निव्वळ प्रेमाचे नाते आणि ‘शेल’ म्हणजे निव्वळ मालकी, असा काटेकोर नियम सांगता येणार नाही. कारण ८:११ मध्ये शलमोनाच्या द्राक्षमळ्यासाठीही ‘ल’चीच रचना आहे. फरक पडतो तो उलट्या दिशेच्या वाक्यामुळे. शलमोन मळ्याला ‘माझा’ म्हणू शकतो, मळा मात्र शलमोनाला ‘माझा’ म्हणू शकत नाही. ध्रुपदातील दुसरे अर्धे वाक्य मालकीचे नात्यात रूपांतर करते. जिथे हे अर्धे वाक्य उच्चारता येत नाही, तिथे ‘माझा’ हा शब्द वस्तूपुरता उरतो.

तीन ध्रुपदे : क्रम आणि संदर्भ

तिन्ही ध्रुपदांतील मुख्य विधान हिब्रूत चार-चार शब्दांचे आहे. पहिल्यात (२:१६) आधी प्रियकर तिचा असल्याचे आणि मग ती त्याची असल्याचे येते. दुसऱ्यात (६:३) क्रम उलटतो : ती त्याची आहे हे आधी येते. तिसऱ्यात (मराठी बायबलमध्ये ७:१०, हिब्रू संहितेत ७:११) ‘ली’ हे पद नाहीसेच होते. ती त्याची असल्याचे सांगते आणि त्याची ओढ आपल्याकडे असल्याचे जोडते. भक्तिपर वाचनात ह्या क्रमाचा अर्थ ठरून गेला आहे : आधी स्वार्थी प्रेम, मग समर्पण, आणि शेवटी ‘माझे’ ह्या भावनेचा संपूर्ण लोप.

हे वाचन आकर्षक असले, तरी प्रत्येक ध्रुपदाच्या आधी आणि नंतर काय घडते हे पाहिल्यास ते डळमळीत होते. २:१६ नंतर लगेच २:१७ मध्ये नायिका प्रियकराला वळून हरिणासारखे डोंगरांकडे जाण्यास सांगते. ह्या वळण्याचा अर्थ ‘माझ्याकडे ये’ की ‘आता जा’ ह्याविषयी मतभेद आहेत, परंतु तो तिच्यापाशी बांधून ठेवलेला नाही हे निश्चित. ६:३ चा संदर्भ अधिक कठोर आहे. पाचव्या अध्यायात ती दार उघडते तेव्हा तो निघून गेलेला असतो. त्याच्या शोधात ती रात्री नगरात फिरते. पहारेकरी तिला मारतात, जखमी करतात, तिचे वस्त्र हिरावून घेतात (५:७). त्यानंतर यरुशलेमेच्या कन्या प्रियकर कोठे गेला असे विचारतात आणि त्या प्रश्नाच्या उत्तरात हे ध्रुपद येते. प्रियकर समोर नाही, अंगावर मार आहे, आणि अशा अवस्थेत ती परस्परांच्या असण्याची ग्वाही देते. ही ग्वाही सान्निध्यातून आलेली नाही. ती विश्वासातून आलेली आहे.

तिसऱ्या ध्रुपदातील ‘तशूका’ (ओढ, आसक्ती) हा शब्द संपूर्ण हिब्रू बायबलमध्ये तीनदाच आढळतो. उत्पत्ती ३:१६ मध्ये स्त्रीची ओढ पतीकडे राहील आणि तो तिच्यावर सत्ता गाजवील, असे सांगितले जाते. उत्पत्ती ४:७ मध्ये तो पापाच्या संदर्भात येतो. ‘गीतरत्ना’त ओढ पुरुषाची आहे, तिची दिशा स्त्रीकडे आहे, आणि सत्तेचे वाक्य गळून पडले आहे. ट्रिबल ह्यांच्या अन्वयार्थाला ह्या शब्दाचा भक्कम आधार मिळतो. शिवाय पुढच्याच वचनापासून (७:११-१३) नायिका प्रियकराला शेतात, खेड्यात, द्राक्षमळ्यांत येण्याचे आमंत्रण देते आणि तेथे आपण त्याला आपले प्रेम देऊ असे सांगते. बेत तिचा आहे, देणेही तिचे आहे. ‘माझे’ ह्या भावनेचा लोप झालेली व्यक्ती असे बोलत नाही.

बाग, मळा आणि मुद्रा

परस्परांच्या असण्याचे हे स्वरूप काव्यातील तीन प्रतिमांतून अधिक स्पष्ट होते.

पहिली प्रतिमा बागेची. ४:१२ मध्ये प्रियकर नायिकेला बंद बाग आणि मुद्रा लावलेला झरा म्हणतो. ४:१६ मध्ये नायिका वाऱ्यांना आवाहन करते. एकाच वचनात ती आधी बागेला ‘माझी’ म्हणते आणि नंतर प्रियकराने ‘त्याच्या’ बागेत यावे, अशी इच्छा व्यक्त करते. सर्वनाम तिने स्वतः बदलले आहे. त्यानंतरच ५:१ मध्ये प्रियकर बाग, गंधरस, मध, द्राक्षारस, दूध ह्या सर्वांना ‘माझे’, ‘माझा’ अशी विशेषणे लावत बोलतो. पुरुषाच्या ‘माझे’ ह्या शब्दाला स्त्रीच्या ‘त्याचे’ ह्या शब्दानंतरच प्रवेश मिळतो, हा क्रम आकस्मिक मानता येणार नाही.

दुसरी प्रतिमा द्राक्षमळ्याची. पहिल्या अध्यायात भावांनी तिला इतरांच्या मळ्यांची राखण करायला लावले, स्वतःचा मळा मात्र तिला राखता आला नाही. आठव्या अध्यायात भाऊ धाकट्या बहिणीविषयी, ती भिंत की दार, अशी चर्चा करतात, तेव्हा नायिका आपण भिंत असल्याचे स्वतःच सांगते (८:१०). पाठोपाठ शलमोनाच्या मळ्याचा हिशेब येतो : प्रत्येकाने फळापोटी एक हजार रुपये आणावेत आणि राखणदारांना दोनशे मिळावेत. बोलणारी व्यक्ती ते हजार राजाला आणि दोनशे राखणदारांना खुशाल देऊन टाकते आणि आपला मळा आपल्यासमोर असल्याचे सांगते. हे उद्गार प्रियकराचे असावेत असे काही भाष्यकार मानतात. परंतु १:६ मधील नेमके तेच शब्द येथे परत येत असल्याने ते नायिकेचे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. पहिल्या राजे ११:३ मध्ये शलमोनाच्या सातशे राण्या आणि तीनशे उपपत्नी सांगितल्या आहेत. त्या हजारांच्या बेरजेची सावली ह्या हजार रुपयांवर पडली आहे, असे अनेकांना वाटते. ८:७ मध्ये घरची सारी संपत्ती देऊन प्रेम विकत घेऊ पाहणारा तिरस्कारास पात्र ठरतो, हे लक्षात घेतल्यास हा हिशेब प्रेमाच्या विरुद्ध टोकाला ठेवलेला आहे हे उघड होते.

अशा रीतीने काव्याच्या आरंभी न राखता आलेला स्वतःचा मळा अखेरीस तिच्या ताब्यात आहे, आणि ह्या दोन टोकांच्या मध्ये तिन्ही ध्रुपदे आहेत. प्रेमात ती स्वतःला गमावत गेली नाही, मिळवत गेली.

तिसरी प्रतिमा मुद्रेची. प्राचीन काळी मुद्रा ही व्यक्तीची ओळख आणि तिच्या मालकीची खूण असे. ती दोरीत ओवून जवळ बाळगली जाई. उत्पत्ती ३८:१८ मध्ये यहूदाची मुद्रा आणि गोफ गहाण म्हणून दिले जातात ते ह्याच कारणाने. ८:६ मध्ये नायिका प्रियकराने आपल्याला त्याच्या हृदयावर आणि बाहूवर मुद्रेसारखे धारण करावे अशी मागणी करते. ४:१२ मध्ये ती मुद्रा लावलेला झरा होती, येथे ती स्वतःच मुद्रा आहे. ठसा तिचा उमटणार आहे आणि तो त्याच्या अंगावर वागवला जाणार आहे. ह्या मागणीनंतर प्रेम मृत्यूइतके प्रबळ असल्याचे आणि महापुरांनाही ते विझवता येत नसल्याचे विधान येते. प्रेमाच्या ज्वालेसाठी योजलेल्या ‘शल्हेवेथ्याह’ ह्या शब्दाच्या अखेरच्या ‘याह’मध्ये परमेश्वराचे नाव आहे की तो केवळ तीव्रतादर्शक आहे, हाच आरंभी उल्लेखिलेला वाद होय. एकनिष्ठेची ही भाषा दास्याची नाही. जिची मुद्रा उमटते अशा व्यक्तीची ही भाषा आहे.

होशेयाशी तुलना

परस्परांच्या असण्याची भाषा बायबलमध्ये इतरत्रही आहे. निर्गम ६:७, लेवीय २६:१२, यिर्मया ३१:३३ ह्या वचनांत परमेश्वर स्वतःला इस्राएलाचा देव आणि इस्राएलाला आपले लोक म्हणतो. होशेय संदेष्ट्याच्या काव्यात हेच सूत्र विवाहाच्या रूपकात येते. तेथे आधी ते मोडते : मुलाचे नावच ‘लो-अम्मी’, म्हणजे ‘माझे लोक नव्हेत’ असे ठेवले जाते (१:९) आणि पती-पत्नीचे नाते नाकारले जाते (२:२). पुढे २:१६ मध्ये समेटाच्या प्रसंगी पत्नी पतीला ‘बआली’ ऐवजी ‘ईशी’ म्हणेल, असे सांगितले आहे. ‘बआल’ म्हणजे धनी, मालक. ते कनानी देवाचेही नाव. हिब्रू ‘ईश’ म्हणजे पुरुष, नवरा. संस्कृत ‘ईश’शी त्याचा संबंध नाही. नवऱ्याला ‘धनी’ किंवा ‘मालक’ म्हणण्याची रीत मराठी बोलींना परिचित असल्याने ह्या बदलाचे मोल मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

होशेयातील स्त्रीचे शब्द मात्र आपल्यापर्यंत पतीच्या तोंडून पोहोचतात. ती काय म्हणाली आणि पुढे काय म्हणेल, हे तो सांगतो. ‘गीतरत्ना’तील तिन्ही ध्रुपदे नायिकेच्या स्वतःच्या तोंडी आहेत. होशेयाने ज्या संबोधनाचे आश्वासन दिले, त्या संबोधनाची मोकळीक ‘गीतरत्ना’त प्रत्यक्ष अनुभवाला येते. ह्या काव्यात आईचा उल्लेख सात वेळा आहे, वडिलांचा एकदाही नाही, ही बाबही येथे नोंदवण्याजोगी आहे.

काही मर्यादा

तथापि हे काव्य संपूर्ण समतेचे चित्र आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. चेरिल एक्सम ह्यांनी २००५ च्या आपल्या भाष्यात असे आदर्शीकरण टाळण्याची आवश्यकता दाखवली आहे. नायिकेच्या देहाची क्रमवार वर्णने तीनदा येतात (४:१-७, ६:४-७, ७:१-५), नायकाचे एकदाच (५:१०-१६). रात्री बाहेर पडण्याची शिक्षा तिला भोगावी लागते, त्याला नाही. भाऊ, पहारेकरी आणि राजा ह्यांचे जग काव्याच्या शेवटीही संपलेले नसते. परंतु ह्या मर्यादांमुळे ध्रुपदाचे मोल घटत नाही. ते ह्याच जगात उच्चारले गेले, म्हणूनच ते अर्थपूर्ण ठरते.

मराठीच्या संदर्भात एक बाब महत्त्वाची आहे. केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापक पंडिता रमाबाई ह्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे मराठीत भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. विधवा आणि निराधार स्त्रियांसाठी आयुष्य वेचलेल्या एका स्त्रीच्या हातून ‘माझा’ आणि ‘त्याची’ ही पदे मराठीत आली. त्या भाषांतराचा ‘गीतरत्ना’पुरता भाषिक अभ्यास हा स्वतंत्र संशोधनाचा विषय होऊ शकेल.

निष्कर्ष

१) ‘गीतरत्ना’तील ध्रुपद मालकीचे ठळक ‘शेल’ हे रूप टाळून ‘ल’ ह्या समतोल रचनेत परस्परांचे असणे व्यक्त करते.

२) तीन ध्रुपदांतील बदल म्हणजे ‘माझे’पणाचा लोप, हा रूढ अन्वयार्थ संदर्भांच्या आधारे टिकत नाही. प्रत्येक ध्रुपदाच्या भोवती वियोग, शोध किंवा नायिकेचा पुढाकार आहे.

३) बाग, मळा आणि मुद्रा ह्या प्रतिमांतून स्वतःवरचा हक्क ही प्रेमात स्वतःला देण्याची पूर्वअट असल्याचे दिसते. जे आपले नाही ते देता येत नाही.

४) एकनिष्ठ प्रेम आणि स्वातंत्र्य ह्यांत हे काव्य विरोध मानत नाही. त्याच्या अखेरच्या वचनात (८:१४) नायिका प्रियकराला मिठीत थांबवत नाही, हरिणासारखे डोंगरांकडे धाव घेण्यास सांगते. तेथील हिब्रू क्रियापदाचा मूळ अर्थ ‘पळून जाणे’ असा आहे. ज्याला जाऊ देता येते, त्यालाच ती ‘माझा’ म्हणते.

स्त्रीचे प्रेम म्हणजे तिचे स्वतःला पुसून टाकणे, असे शिकवण्यासाठी ह्या ध्रुपदाचा आधार घेतला जातो तेव्हा काव्याच्या पहिल्या आणि शेवटच्या अध्यायांतील ‘माझा स्वतःचा द्राक्षमळा’ हे शब्द वगळावे लागतात. ते वगळून ‘गीतरत्न’ शिकवता येणार नाही.